नागपूरहून थेट तास : दूरच्या विद्यार्थ्यांचे, पालकांचे आणि प्राध्यापकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्या कॉलेजातले काही तास नागपूरहून थेट विद्यार्थ्यांच्या मोबाईलवर जातात. ते ऐकणारी मुलं देवरी, सालेकसा, लाखांदूर, कुही, भिवापूर, कारंजा अशा ठिकाणी बसलेली असतात. कोणाला रोजचं एसटीचं भाडं परवडत नाही, कोणाच्या घरी आजारी माणूस आहे, कोणी धानाच्या रोवणीत अडकलेलं असतं. या तासांची तांत्रिक बाजू गेली काही वर्षं माझ्याकडे आहे. फोनवर जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, त्यांची उत्तरं इथे एकत्र लिहिली आहेत.

थेट तासच कशाला? रेकॉर्डिंग पाठवलं तर भागणार नाही का?

रेकॉर्डिंग आम्ही देतोच. पण ते "रात्री बघू" म्हणून राहून जातं आणि परीक्षेच्या आठवड्यात तीस-चाळीस तासांचा ढीग समोर येतो. थेट तासाला वेळ ठरलेली असते. साडेअकरा म्हणजे साडेअकराला वही काढून बसायचं.

घरच्यांवरही त्याचा परिणाम होतो, हे मला एका विद्यार्थिनीने सांगितलं तेव्हा कळलं. ती म्हणाली, "सर, रेकॉर्डिंग लावलं की आई म्हणते थांबव अन् पाणी भरून घे. लाइव्ह आहे म्हटलं की कोणी उठवत नाही." तेव्हापासून वेळापत्रक आम्ही पालकांच्या फोनवरही पाठवतो.

आणि थेट तासात प्रश्न विचारता येतो. माझ्या मते सगळा खटाटोप त्यासाठीच आहे. त्याबद्दल पुढे सविस्तर लिहिलं आहे.

एका तासाला किती डेटा जातो?

प्रक्षेपण सेकंदाला १ मेगाबिटने येत असेल (८ मेगाबिट म्हणजे १ एमबी), तर तासाभरात ४५० एमबी जातात. ४८० पीचं चित्र (हा आकडा जितका मोठा तितकं चित्र स्पष्ट) साधारण एवढ्यात बसतं. ३६० पीला अर्धा मेगाबिट धरला तर २२५ एमबी. नुसता आवाज ६४ किलोबिटने घेतला तर तासाला २९ एमबीच्या आसपास.

आता रोज दीड जीबीचा पॅक असलेल्या मुलाचा विचार करा. त्याने ४८० पीवर तास लावले तर तीन तास नीट होतात आणि चौथ्या तासाला वीस मिनिटांत दिवसाचा डेटा संपतो. तोच मुलगा ३६० पीवर राहिला तर चारही तास ९०० एमबीत होतात आणि व्हॉट्सअ‍ॅपवर नोट्स उतरवायलाही डेटा उरतो.

यूट्यूबवर क्वालिटी 'ऑटो' असेल तर रेंज चांगली मिळताच ते आपणहून मोठं चित्र घेतं आणि डेटा भराभर जातो. म्हणून तास सुरू झाला की स्क्रीनवरच्या चाकाच्या खुणेवर दाबून क्वालिटी ३६० पी करा. फळ्यावर बारीक आकृती असेल तेवढ्यापुरती वाढवा आणि पुन्हा खाली आणा.

एक विनंती पालकांना. घरात एकच फोन असेल आणि तो दोन भावंडांत वाटला जात असेल, तर आम्हाला कळवा. वेळापत्रक लावताना एकाच घरातल्या दोघांचे तास एकमेकांवर येणार नाहीत, एवढं आम्ही बघू शकतो.

चित्र दिसतं, पण आवाज नीट येत नाही. असं का?

हा सगळ्यांत जास्त विचारला जाणारा प्रश्न. चॅटमध्ये वाक्य ठरलेलं असतं : "सर, दिसून राहिलं, पण ऐकू नाही येऊन राहिलं." दहातल्या आठ वेळा दोष विद्यार्थ्याच्या नेटचा नसतो, आमच्या वर्गातला असतो.

नागपुरात मार्चपासून वर्गात कूलर चालू होतात. एप्रिलमध्ये पारा चाळिशीच्या वर गेला की ते बंद ठेवा म्हणणं शक्य नाही आणि म्हणूही नये. वर्गात बसलेल्या मुलाचा कान कूलरची घरघर बाजूला सारून सरांचा आवाज वेचतो. माइकला ते जमत नाही. फोन ट्रायपॉडवर लावून दहा-बारा फुटांवर ठेवला तर कूलर, पंखे, खुर्च्या आणि व्हरांड्यातला गोंगाट सगळं एकाच पातळीवर आत जातं. त्यात फोनमधली आवाज गाळण्याची सोय कूलरसोबत सरांच्या शब्दांची टोकंही कापते. विद्यार्थ्याला ते तुटक ऐकू येतं आणि त्याला वाटतं आपलं नेटच खराब आहे. बिचारा रेंज शोधत गच्चीवर जातो.

उपाय एकच : माइक तोंडाजवळ आणायचा. अंतर दुप्पट झालं की आवाजाची पातळी सुमारे ६ डेसिबलने उतरते. बारा फुटांवरचा माइक हनुवटीखाली वीतभर अंतरावर आणला तर सरांचा आवाज सुमारे चोवीस डेसिबलने वर येतो आणि कूलर आहे तिथेच राहतो. साधा कॉलर माइक हे काम करतो. नागपूरच्या बर्डी बाजारात मोबाईलच्या कुठल्याही बऱ्या दुकानात तो मिळतो. आमच्याकडे जे पहिले पैसे खर्च झाले ते कॅमेऱ्यावर झाले, माइक पुढच्या सत्रात आला. तो क्रम उलटा हवा होता. त्या पहिल्या सत्रात मुलांनी काय ऐकलं असेल, याचं मला आजही वाईट वाटतं.

माइक लावायची जागाही महत्त्वाची. शर्टाच्या दुसऱ्या बटनापाशी तो ठीक बसतो. साडी असेल तर मंगळसूत्र किंवा माळ माइकवर घासते आणि पलीकडे सतत खरखर जाते. मॅडमना आम्ही माइक पदराच्या पिनेपाशी लावायला सांगतो आणि माळ दुसऱ्या बाजूला सरकवायला सांगतो. ओढणी असेल तर ती माइकवरून जाऊ द्यायची नाही. तास सुरू होण्याआधी हेडफोन लावून अर्धा मिनिट ऐकलं की खरखर लगेच कळते. कूलर आम्ही फळ्यापासून दूरच्या भिंतीला हलवले आहेत.

कॅमेरा कोणता घ्यावा?

हातात असलेला चांगला फोन आणि न हलणारा ट्रायपॉड. पैसे वाचले तर दुसरा माइक घ्या.

फळ्यावरचं वाचता येत नाही. काय करायचं?

प्राध्यापकांसाठी एक हिशेब. बारा फूट रुंद फळा पूर्ण दाखवला, तर आडव्या धरलेल्या मोबाईलच्या साडेपाच इंच रुंद पडद्यावर तो सव्वीस पटींनी लहान होतो. तुम्ही दोन इंचांचं अक्षर काढलंत तर मुलाला ते २ मिलिमीटरचं दिसतं. खडूची रेघ आणि नेटमुळे आलेला धूसरपणा त्यात मिळवा, मग 'ध' आणि 'घ' सारखेच. अर्थशास्त्राचे वक्र आणि रसायनशास्त्राची समीकरणं तर हरवूनच जातात.

आम्ही फळ्याच्या मधोमध सहा फुटांची चौकट पांढऱ्या रंगाने आखून घेतली आहे. कॅमेरा तेवढाच भाग दाखवतो. त्याच अक्षराचं माप पडद्यावर ४ मिलिमीटर होतं आणि सहज वाचता येतं. चौकट भरली की पुसण्याआधी तिचा फोटो काढून चॅटमध्ये टाकायचा. सवय लागायला सरांना आठवडा लागला. आता चौकटीबाहेर खडू गेला की वर्गातली मुलंच सांगतात.

आणखी एक अडचण म्हणजे उजेड. सर पांढऱ्या शर्टात फळ्यासमोर आले की फोन उजेड स्वतःहून कमी करतो आणि फळा काळाकुट्ट होतो. फोनच्या पडद्यावर फळ्याच्या जागी बोट दाबून धरलं की बहुतेक फोनमध्ये फोकस आणि उजेड तिथेच पक्का होतो. फळ्यावर ट्यूबलाइटची चकाकी येत असेल तर ती ट्यूब बंद करून बाजूची चालू करा. खिडकी कॅमेऱ्याच्या पाठीशी हवी, समोर नको.

मीट, झूम की यूट्यूब?

तीस-चाळीस विद्यार्थी असतील आणि बोलणं दोन्ही बाजूंनी हवं असेल तर मीट किंवा झूम. फुकटच्या खात्यावर झूमची बैठक ४० मिनिटांत आणि तीन किंवा त्याहून जास्त जणांची मीट ६० मिनिटांत संपते, हे धरूनच तास आखा. विद्यार्थी शंभराच्या वर असतील, किंवा बऱ्याच जणांचं नेट कमकुवत असेल, तर यूट्यूब. तिथे मुलाला मागे जाऊन चुकलेलं वाक्य पुन्हा ऐकता येतं, आणि आपण एकच प्रवाह पाठवला तरी लहान-मोठी चित्रं यूट्यूब स्वतः तयार करतं. बारा तासांच्या आतलं प्रक्षेपण आपोआप जपूनही ठेवलं जातं. नवीन चॅनलला लाइव्हची परवानगी मिळायला २४ तास लागू शकतात, आणि फोनच्या अ‍ॅपमधून लाइव्ह करायला किमान ५० सबस्क्रायबर लागतात. म्हणून पहिल्या तासाच्या दिवशी चॅनल उघडू नका.

यूट्यूबची एक अडचण मात्र शिकवणाऱ्याने मनात पक्की ठेवायला हवी. तिथे चित्र छोट्या छोट्या तुकड्यांत कापून पाठवलं जातं आणि विद्यार्थ्याचा फोन दोन-चार तुकडे साठवून मग दाखवायला लागतो. त्यामुळे वर्ग आणि विद्यार्थी यांच्यात पंधरा ते तीस सेकंदांचं अंतर पडतं. सर विचारतात, "समजलं का?" दोन सेकंद थांबतात आणि पुढे जातात. सालेकस्यातल्या मुलीपर्यंत तो प्रश्न पोचतो तेव्हा सर पुढच्या मुद्द्याच्या मधोमध असतात. तिने "नाही" टाइप केलं तर ते आणखी पुढे गेल्यावर दिसतं. दोन-तीनदा असं झालं की मूल विचारणंच सोडतं. सेटिंगमध्ये 'लो लेटन्सी' निवडली तर अंतर घटतं, पण रेंज डळमळीत असलेल्या फोनवर चित्र जास्त अडतं. आम्ही ते अंतर सहन करतो आणि शिकवण्याची पद्धत बदलतो.

मग दूर बसून प्रश्न विचारायचा कसा?

आमच्याकडे प्रत्येक तासाला वर्गातला एक विद्यार्थी पहिल्या बाकावर चॅट सांभाळतो. पाळी लावलेली आहे, आज चॅट कोणाकडे ते दारावर लिहिलेलं असतं. त्याच्या हातात फोन किंवा लॅपटॉप असतो आणि त्या तासात त्याला दुसरं काम नसतं. नोट्स त्याला शेजारचा देतो. प्रश्न आला की तो हात वर करतो आणि मोठ्याने म्हणतो, "सर, देवरीहून प्रश्न आहे." मग विद्यार्थ्याचं नाव घेऊन प्रश्न वाचतो. सर तो प्रश्न स्वतःच्या माइकवर पुन्हा म्हणतात, म्हणजे बाकीच्या दूरच्या मुलांनाही कळतं, आणि मग उत्तर देतात.

यात नाव घेणं फार महत्त्वाचं आहे. तीनशे जणांच्या चॅटमध्ये कोणीतरी एक असणं वेगळं आणि नागपूरच्या वर्गात आपलं नाव मोठ्याने घेतलं जाणं वेगळं. सत्राच्या शेवटी तोंडी परीक्षेला आलेल्या एका मुलाला वर्गातल्या मुलांनी पाहताक्षणी विचारलं, "तू तोच ना, लाखांदूरचा, मागणीच्या वक्रावर तीनदा अडलेला?" तो हसला आणि त्यांच्यातच बसला.

शिकवणाऱ्यांसाठी : "समजलं का?" विचारल्यावर फळ्यावरची पुढची ओळ लिहायला घ्या, किंवा हजेरीचा कागद फिरवा, पण अर्धा मिनिट नवा मुद्दा सुरू करू नका. दर पंधरा मिनिटांनी चॅटवाल्याकडे बघा. वर्गातल्या मुलाने प्रश्न विचारला तर तोही माइकवर पुन्हा म्हणा, नाहीतर दूरच्यांना नुसतं उत्तर ऐकू येतं आणि कशाचं उत्तर ते कळत नाही.

विद्यार्थ्यांसाठी : प्रश्न टाइप करताना फक्त "नाही समजलं" लिहू नका. फळ्यावरची ओळ किंवा शब्द लिहा. मराठीत लिहा, रोमन अक्षरांत लिहा, शब्द चुकले तरी चालतील.

मध्येच वीज गेली तर?

लॅपटॉपला बॅटरी असते, पण राउटर आणि फायबरच्या डब्याला नसते. त्या दोघांना छोट्या यूपीएसवर ठेवलं की महावितरणची वीज जाऊन-येऊन राहिली तरी तास तुटत नाही. पंखा बंद झाला की आवाज उलट स्वच्छ जातो. फायबरच गेलं तर फोनचा हॉटस्पॉट तयार ठेवतो, दुसऱ्या कंपनीच्या सिमवर.

ओबीएस (लॅपटॉपवरून थेट प्रक्षेपण करायचं सॉफ्टवेअर) वापरत असाल तर दोन गोष्टी करा. यूट्यूबमध्ये 'ऑटो-स्टॉप' बंद ठेवा, म्हणजे प्रवाह मध्ये तुटला तरी तास संपल्याचं धरलं जात नाही आणि मुलं त्याच लिंकवर थांबू शकतात. आणि लॅपटॉपवर रेकॉर्डिंग एमकेव्ही या फाइलच्या प्रकारात करा. साध्या एमपीफोरमध्ये करताना अचानक वीज गेली तर अख्खी फाइल उघडत नाही, एमकेव्हीमध्ये तोपर्यंतचं वाचतं. जोडणी वायफायने नको, लॅनच्या वायरने करा. आणि नेटचा वेग बघताना अपलोड बघा. डाउनलोडचा मोठा आकडा इथे कामाचा नाही.

आमच्या गावात रेंजच नाही. आम्ही काय करायचं?

हा प्रश्न मला सगळ्यांत जड जातो. जिथे नेट चालत नाही तिथे साधा फोन बऱ्याचदा चालतो. म्हणून चॅट सांभाळणाऱ्याच्या शेजारी आणखी एक फोन असतो. त्यावरून कॉन्फरन्स कॉल लावून चार-पाच जणांना जोडता येतं. फळा दिसत नाही, पण सर जे बोलतात ते ऐकू जातं आणि चौकटीचे फोटो नंतर कधीतरी रेंज मिळाली की उतरतात. सरांना आम्ही सांगून ठेवलं आहे की "हे इथून इकडे" असं म्हणू नका, "डावीकडची संख्या उजवीकडे नेली" असं म्हणा. फोनवर ऐकणाऱ्याला हात दिसत नाही. कमी दिसणाऱ्या मुलांनाही या बोलण्याचा उपयोग होतो, हे नंतर लक्षात आलं.

तासाचा नुसता आवाज ३२ किलोबिटवर आणला तर फाइल साडेचौदा एमबीची होते. ती व्हॉट्सअ‍ॅपवर जाते आणि बाजाराच्या दिवशी तालुक्याला आलं की उतरवून घेता येते.

गडचिरोली आणि चंद्रपूर हे जिल्हे २०११पासून गोंडवाना विद्यापीठाकडे आहेत, पण तिकडची बरीच मुलं नागपुरात शिकतात आणि सणाला, शेतीच्या कामाला घरी जातात. पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा पूल पाण्याखाली जातो आणि माणूस तिकडेच अडकतो. अशा मुलांना आम्ही जूनमध्येच पेनड्राइव्हवर आदल्या वर्षीचे तास भरून देतो. घरी डिश असेल तर स्वयंप्रभा या सरकारी शैक्षणिक सेवेच्या वाहिन्या बघा. २०१७मध्ये ३२ वाहिन्यांनी ही सेवा सुरू झाली. त्या जीसॅट-१५ उपग्रहावरून येतात, त्यांना नेट लागत नाही, आणि दिवसाचा नवा भाग पुन्हा पुन्हा दाखवला जातो. त्यातलं बरंचसं इंग्रजीत आणि हिंदीत आहे, ही अडचण खरी आहे.

हे सगळं कोरोनानंतरचं आहे ना? किती दिवस टिकणार?

नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाचा (यूजीसीचा) देशव्यापी वर्ग दूरदर्शनवर १५ ऑगस्ट १९८४ला सुरू झाला. फक्त शिक्षणासाठी बनवलेला एज्युसॅट हा उपग्रह २० सप्टेंबर २००४ला श्रीहरिकोट्याहून सुटला. २०२०च्या टाळेबंदीने एवढंच केलं की हे काम प्रत्येक प्राध्यापकाच्या हातात आलं. टाळेबंदी उठली, पण एसटीचं भाडं आणि घरची कामं आहेत तिथेच आहेत. म्हणून आम्ही बंद केलं नाही.

घरून तास केले तर हजेरी लागते का? पदवी 'ऑनलाइन' होते का?

हजेरीचा निर्णय कॉलेज आणि विद्यापीठाच्या नियमांप्रमाणे होतो. लिंक उघडली म्हणून हजेरी लागली असं धरू नका, प्रवेशाच्या वेळीच लेखी विचारून घ्या. नियमित अभ्यासक्रमाचे काही तास मोबाईलवर पाहिल्याने पदवी ऑनलाइन होत नाही. ऑनलाइन पदवीसाठी विद्यापीठाला यूजीसीची वेगळी मान्यता लागते, आणि अभियांत्रिकी, वैद्यकीय, नर्सिंगसारखे अभ्यासक्रम त्या प्रकारात चालत नाहीत. "घरबसल्या इंजिनिअरिंग"ची जाहिरात दिसली तर पैसे भरू नका.

प्रॅक्टिकलचं काय?

यावंच लागतं. आम्ही ती सलग चार-पाच दिवसांत घेतो, म्हणजे एकदाच नागपूरला येऊन राहता येतं.

मुलीचा चेहरा इंटरनेटवर जाणार का?

पालक, विशेषतः वडील, हे विचारतात आणि ते रास्त आहे. आमचा कॅमेरा फक्त फळा आणि शिक्षक दाखवतो, बाकांकडे वळत नाही. दूरच्या विद्यार्थ्याने स्वतःचा कॅमेरा बंद ठेवला तर कोणी विचारत नाही. एका खोलीच्या घरात मागे काय चाललेलं असतं, ते जगाला दाखवायची सक्ती कुठल्याही शिक्षकाने करू नये. चॅटमध्ये फोन नंबर टाकू नका. यूट्यूबची लिंक 'अनलिस्टेड' असते, म्हणजे शोधून सापडत नाही, पण ज्याच्या हाती लागली तो बघू शकतो. म्हणून ती वर्गाच्या ग्रुपबाहेर पाठवू नका. ज्यांचा आवाज किंवा नाव रेकॉर्डिंगमध्ये येतं, त्यांची संमती आम्ही वर्षाच्या सुरुवातीला लेखी घेतो. नको म्हणणाऱ्याचा प्रश्न नाव न घेता वाचला जातो.

पुस्तकाचं पान कॅमेऱ्यासमोर धरलं तर चालतं का?

कॉपीराइट कायदा १९५७च्या कलम ५२मध्ये शिकवण्यासाठी सवलत आहे, पण तिच्या भरवशावर अख्खं पुस्तक स्कॅन करून कायमचं चढवून ठेवू नका. उतारा वाचा, समजावा, पुस्तकाचं नाव सांगा.

मराठीत शिकवलं जातं की इंग्रजीत?

सर वर्गात जसं बोलतात तसंच. संज्ञा इंग्रजीत, समजावणं मराठीत, मध्ये हिंदी. परीक्षा इंग्रजीत देणारे असले तरी अडलेलं सोडवायला मराठीच लागते. एक पथ्य मात्र पाळतो : नवी संज्ञा आली की ती फळ्यावर देवनागरी आणि रोमन दोन्ही लिपींत लिहायची. आवाज तुटला तरी शब्द हाती राहतो.

थेट जातंय म्हणून वर्गात येणारी मुलं कमी झाली का?

पहिल्या महिन्यात झाली. नागपुरातलीच काही मुलं घरी बसली. मग लिंक फक्त ज्यांनी कारण लिहून दिलं त्यांनाच द्यायला लागलो आणि वर्ग भरला.

आम्हाला आमच्या कॉलेजात सुरू करायचं आहे. पहिल्या दिवशी काय करावं?

तासाच्या वीस मिनिटं आधी वर्गात या. कूलर चालू करा, पंखे चालू करा, दार उघडं ठेवा, म्हणजे वर्ग रोज असतो तसा. कॉलर माइक लावा आणि प्रक्षेपण सुरू करा. मग सगळ्यांत लांबच्या, सगळ्यांत कमी रेंज असलेल्या विद्यार्थ्याला फोन लावा आणि फळ्याकडे तोंड करून एक वाक्य बोला. तीस सेकंद थांबा. त्याने ते वाक्य तुम्हाला शब्दशः परत म्हणून दाखवलं की घंटा वाजवा.